गिझर साठावर ठेवा, विसण नळाशी घाला

वाचकाचं पत्र

आम्ही ठाण्याला घोडबंदर रोडवर २८ मजली टॉवरमध्ये १७ व्या मजल्यावर राहतो. दोन बाथरूम आहेत, दोन्हींत २५ लिटरचा, २००० वॉटचा उभा गिझर. नॉबवर आकडे नाहीत, नुसत्या रेघा आहेत. आमचे हे नॉब कायम शेवटच्या रेघेवर ठेवतात, ‘पाणी पुरलं पाहिजे’ म्हणून. सून तो पुन्हा अर्ध्याच्या खाली आणते. तिच्या मते ४५ अंश पुष्कळ झाले. विसण घालावं लागणार नाही इतकंच तापवायचं, वीज वाचते. मँचेस्टरचा धाकटा मुलगा फोनवर सांगतो, त्याने बॉयलर ५५ वर आणला आणि गॅसचं बिल उतरलं. घरात सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, त्यांना मधुमेह आहे. नातू ३ वर्षांचा. कॉमन बाथरूमच्या गिझरला सोसायटीच्या सोलरचं पाणी जोडलंय. मे महिन्यात गिझर बंद असतानाही त्या नळाखाली हात धरवत नव्हता. शिवाय दुसऱ्या गिझरच्या खालच्या व्हॉल्व्हमधून तापताना पाणी ठिबकतं. प्लंबर म्हणतो, बूच मारून टाकतो. पाणी निम्मं महापालिकेचं, निम्मं टँकरचं. नॉब नेमका कुठे ठेवायचा?

— एक वाचक, ठाणे (प.)

उत्तर

ताई, आधी प्लंबरला थांबवा. त्या व्हॉल्व्हला बूच मारायचं नाही; का ते पुढे येतंच. नॉबचं उत्तर: टाकीतलं पाणी ६० अंशांवर ठेवा. तुमचे हे ठेवतात तो शेवटच्या रेघेचा आकडा बहुतेक ७५ च्या आसपास असेल, तो तुमच्या घरासाठी धोक्याचा. सुनेचे ४५ अंश अंगावर घ्यायला ठीक, टाकीत साठवायला कमी. दोघांची गल्लत एकाच जागी होते आहे: साठवायचं तापमान वेगळं आणि अंगावर घ्यायचं वेगळं. पूर्वी बंबातलं पाणी कढत असायचं आणि घंगाळात विसण पडायचं, तेव्हा हा हिशोब कुणाला समजवावा लागत नव्हता. मिक्सरचा नळ आला आणि विसण डोळ्यांआड झालं.

सुनेचा मुद्दा विजेचा आहे, तो आधी घेऊ. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ वॉट-तास लागतात. थंड पाणी २५ अंशांचं धरलं, तर २५ लिटर ५० वर न्यायला ०.७३ युनिट, ६० वर न्यायला १.०२ आणि ७५ वर न्यायला १.४५ युनिट. २००० वॉटच्या कॉइलला त्यासाठी अनुक्रमे २२, ३१ आणि ४४ मिनिटं लागतात. यावरून वाटतं, ४५ वर ठेवलं की केवढी बचत! पण आंघोळीची २० लिटरची बादली ४० अंशांची हवी असेल, तर तिच्यात जाणारी उष्णता कुठल्याही नॉबवर तेवढीच असते: ०.३५ युनिट. टाकी ६० वर असेल तर ८.६ लिटर गरम आणि बाकी विसण. ५० वर असेल तर १२ लिटर गरम. पाणी वेगळ्या प्रमाणात मिसळतं, वीज तीच.

वीज वाया जाते ती दोन ठिकाणी. एक, टाकीत उरलेलं पाणी. आंघोळी झाल्यावर १० लिटर ७५ अंशांचं पाणी उरून थंड झालं तर ०.५८ युनिट गेलं. ६० अंशांचं असेल तर ०.४१. दोन, गिझर दिवसभर चालू राहिला तर टाकीच्या भिंतीतून होणारी गळती. गिझरवरच्या स्टार लेबलवर ‘स्टँडिंग लॉस’ म्हणून एक आकडा असतो. पाणी आणि खोलीची हवा यांत ४५ अंशांचा फरक ठेवून २४ तासांत किती युनिटं जातात, ते तो सांगतो. समजा तो ०.७ आहे आणि बाथरूम ३० अंशांचं आहे. मग ७५ वर रोज ०.७ युनिट, ६० वर ०.४७, ५० वर ०.३१. म्हणजे नॉब ६० वरून ५० वर आणून दिवसाला सहावा हिस्सा युनिटही वाचत नाही. आंघोळीआधी अर्धा तास लावून नंतर बटण बंद केलं तर त्याच्या दुपटीहून जास्त वाचतं. सुनेला बचतच करायची असेल तर नॉबला हात न लावता बटणाची वेळ सांभाळावी. महावितरणच्या बिलात १०१ ते ३०० आणि ३०१ ते ५०० असे स्लॅब असतात. तुमचा महिन्याचा आकडा तीनशेच्या काठावर असेल, तर वरच्या स्लॅबची महाग युनिटं टळतील आणि ही सवय बिलातही दिसेल.

आता ४५ का नको. लिजिओनेला नावाचा एक जिवाणू पाण्यात असतो. १९७६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या मेळाव्यात न्यूमोनियाची साथ आली, तिच्यावरून त्याला नाव पडलं. २० ते ४५ अंशांत तो वाढतो, ३५ च्या आसपास सर्वांत जोमाने. ५० च्या वर वाढ थांबते. ६० वर काही मिनिटांत बहुतेक मरतात. पाणी प्यायल्याने सहसा काही होत नाही, शॉवरचे बारीक तुषार श्वासात गेले की होतं. रोज चार आंघोळी होणाऱ्या गिझरमध्ये पाणी सारखं बदलत असतं, तिथे उगाच घाबरू नका. पण आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीतलं ‘थंड’ पाणीच उन्हाळ्यात या पट्ट्यात असतं, आणि आंघोळींनंतर बंद केलेल्या गिझरमधलं पाणी आत शिरलेल्या थंडाशी मिसळून पस्तीस-चाळीसला येऊन बसतं. गिझर रोज एकदा तरी ६० वर गेला की हिशोब चुकता होतो. म्हणून लाल दिवा विझेपर्यंत तापू द्या, अर्ध्यावर बंद करू नका. तुमच्याकडे वयस्क, मधुमेही बाई आहेत. अशांनाच या जंतूचा त्रास अधिक होतो. गावाला जाऊन पंधरा दिवसांनी परत आलात तर आधी गिझर पूर्ण तापवा, मग शॉवर न लावता खालच्या नळाने टाकीभर पाणी सोडून द्या, खिडकी उघडी ठेवून.

वरच्या टोकाला धोका भाजण्याचा. मोठ्या माणसाच्या कातडीला गंभीर भाजायला ६६ अंशांवर २ सेकंद पुरतात, ६० वर ५-६ सेकंद, ५४ वर अर्धं मिनिट, ४९ वर साधारण ५ मिनिटं. तीन वर्षांच्या मुलाला आणि म्हाताऱ्या, पातळ कातडीला याहून कमी. मधुमेहात पायांची संवेदना कमी झाली असेल तर पाणी पोळतंय हे सासूबाईंना वेळेत कळणारही नाही. म्हणून ‘त्या सांगतील की’ यावर भिस्त ठेवू नका. त्यांच्या बादलीत आधी थंड, मग गरम, आणि हात दुसऱ्या कुणी तरी कोपरापर्यंत बुडवून पाहायचा. सासूबाईंना ३८-४० अंश, नातवाला ३७-३८. मूल बाथरूममध्ये असताना बादली नळाखाली भरत ठेवून फोन घ्यायला बाहेर येऊ नये.

६० अंशही अंगावर घ्यायचे नाहीतच. ती टाकीची पातळी आहे. नळाशी ती उतरवायची. बऱ्याच सिंगल लिव्हर मिक्सरमध्ये हँडलखाली दातेरी प्लास्टिकची रिंग असते, ती फिरवून हँडल गरमकडे किती जाईल याला अडसर घालता येतो. हँडल काढायला एक अ‍ॅलन की पुरते. नातू ज्या बाथरूममध्ये आंघोळ करतो तिथला मिक्सर असा बांधून घ्या. एवढं मात्र लक्षात ठेवा: हा अडसर प्रमाण बांधतो, तापमान बांधत नाही. कुणी फ्लश केला आणि थंडाचा दाब उतरला की तेवढ्याच हँडलवर पाणी गरम येतं.

नॉबवर आकडे नाहीत, तर ६० सापडायचे कसे? स्वयंपाकघरात वापरतात तो सुईचा डिजिटल थर्मामीटर आणा, काहीशे रुपयांना मिळतो. तापाचा चालणार नाही, तो ४२ च्या पुढे जात नाही. नॉब मधल्या रेघेवर ठेवून गिझर लावा, दिवा विझू द्या. फक्त गरम नळ उघडा आणि पहिलं एक-दोन लिटर सोडून द्या. ते पाइपमधलं असतं. पाऊण इंची सीपीव्हीसी पाइपच्या मीटरभरात पाव लिटर मावतं. मग दुहेरी भिंतीच्या स्टीलच्या मगात पाणी घ्या, सुई बुडवा, आकडा स्थिरावला की लिहा. पुन्हा तापू द्या, दिवा विझला की दुसऱ्यांदा मोजा; पहिल्या फेरीत रॉडचा थर्मोस्टॅट थोडा पुढेमागे होतो, दुसऱ्या मापावर विश्वास ठेवा. कमी आलं तर नॉब एक रेघ वर, जास्त आलं तर खाली. ५८ ते ६२ मध्ये आकडा आला की तिथे नेलपॉलिशचा ठिपका द्या आणि घरात जाहीर करा. दिवा विझतो आणि परत लागतो यांत सहज ५ ते १० अंशांचं अंतर असतं, तो दोष नव्हे. दोन्ही गिझर वेगवेगळे मोजा. एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलच्या दोन गिझरांतही रेघा जुळतीलच असं नाही. नॉब कव्हरच्या आत असेल तर मेन एमसीबी पाडल्याशिवाय कव्हर उघडू नये, आणि हे काम सर्व्हिसच्या माणसाकडून करून घ्यावं.

माप मधेच बिघडलं, म्हणजे ठिपका तोच आणि पाणी ७० चं, तर बहुधा थर्मोस्टॅटच्या नळीवर क्षार चढलेत. तिला गरमी उशिरा कळते. तुमच्याकडे टँकर आहे म्हणून हे सांगावंसं वाटतं. महापालिकेचं पाणी भातसा, बारवी, उल्हास या नद्या-धरणांचं, नवी मुंबईला मोरब्याचं; पावसाचं साठवलेलं पाणी, त्यात क्षार कमी. टँकर बहुतेक विहिरी-बोअरवेलचं आणतो. त्यातलं विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापवलं की कॅल्शियम कार्बोनेट होऊन पांढरा थर बनतं, आणि पाणी जितकं जास्त तापवाल तितका तो भराभर बसतो. ७५ ऐवजी ६० घ्यायचं हेही कारण आहे. तापताना गिझर तडतडत असेल, किंवा तीस मिनिटांऐवजी चाळीस घेत असेल, तर कॉइल पांढरी झाली समजा. वर्षातून एकदा कॉइल काढून लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड घालून काही तास बुडवली की थर सुटतो. कानशीने घासू देऊ नका. त्याच वेळी मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड पाहून घ्या. तो टाकीऐवजी स्वतः झिजायला ठेवलेला असतो. अर्ध्याहून कमी उरला असेल तर बदला, नाही तर पुढचा नंबर टाकीचा. टीडीएस मीटर सगळेच विरघळलेले क्षार मोजतो, त्यावर पाण्याचा कडकपणा (म्हणजे थर बसवणारे क्षार) ठरवू नका, कडकपणाच्या टेस्ट स्ट्रिप वेगळ्या मिळतात.

आता ते ठिबकणं. पाणी तापलं की फुगतं: २५ लिटर २५ वरून ६० अंशांवर गेलं की सुमारे ३५० मिली जास्त होतं, ७५ वर जवळपास ५७० मिली. गिझरच्या इनलेटला एनआरव्ही, म्हणजे पाणी उलट जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, असल्याने हे वाढीव पाणी मागे पाइपमध्ये जाऊ शकत नाही, आणि नळही बंद असतात. मग ते सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब बाहेर पडतं. तुमचा गिझर नेमका तापतानाच ठिबकतो, म्हणजे तो आपलं काम करतो आहे. बूच मारलंत तर वाढलेला दाब टाकीच्या सांध्यांवर जातो, आणि थर्मोस्टॅट अडकला तर पुढचं सांगायला नको. व्हॉल्व्हच्या तोंडाला पातळ नळी जोडा, ती खालच्या जाळीत सोडा, तोंड उघडं ठेवा. महिन्यातून एकदा त्याची दांडी उचलून बघा, पाणी फुसकन आलं पाहिजे. नळीचं तोंड पायांवर नाही ना, हे आधी पाहा.

गिझर थंड असतानाही ठिबकलं तर मात्र वेगळं. १७ व्या मजल्यापासून गच्चीपर्यंत ११ मजले, म्हणजे ३३-३५ मीटर उंची, म्हणजे साधारण साडेतीन बार दाब. गिझरचा व्हॉल्व्ह सहसा ८ बारला उघडतो. प्रेशर पंप नसेल तर इतक्या दाबाला तो उघडायलाच नको. बहुधा सीटवर टँकरच्या पाण्यातला खडा अडकलाय. दांडी दोनतीनदा उचलून सोडा, तरी थांबलं नाही तर व्हॉल्व्ह बदला.

सोलरच्या बाथरूमचा प्रश्न सगळ्यात गंभीर, आणि तुमच्या पत्रात तो जाता जाता आलाय. गिझरचा नॉब फक्त कॉइलला सांगतो की तापवणं थांबव. गच्चीवरून ७५ अंशांचं पाणी येत असेल तर तुमचा नॉब ६० वर असो की शून्यावर, नळातून ७५ च येणार. मे महिन्याच्या दुपारी तेच झालं. आणखी एक खोच: साध्या गिझरमध्ये गरम पाण्याला मागून थंड पाणी ढकलतं, त्यामुळे पाणी गेलं की दोन्ही बंद. सोलरची टाकी मात्र स्वतंत्र असते. गच्चीवर थंडाची टाकी धुवायला बंद केली, तर मिक्सरमधून एकटं कढत पाणी पडत राहतं. शॉवरखाली उभ्या माणसाला ते कळेपर्यंत उशीर होतो.

याला उपाय म्हणजे थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह. गिझरच्या आउटलेटनंतर, नळांच्या शक्य तितक्या जवळ तो बसतो. एका बाजूने गरम, दुसऱ्या बाजूने थंड, आणि बाहेर तुम्ही लावलेलं तापमान. ४५ वर लावा. बादलीत शेवटचं विसण हाताने घालायचंच आहे. विकत घेताना थंड गेल्यावर गरम आपोआप बंद करणारा आहे का, हे विचारून घ्या. दोन्ही इनलेटना गाळणी आणि एनआरव्ही हवेत. नाही तर गरम पाणी थंडाच्या लाइनीत शिरून फ्लशच्या टाकीतही कोमट पाणी येतं. दोन्हीकडचा दाब जवळपास सारखा लागतो. गरम सोलरच्या टाकीवरून आणि थंड पीआरव्हीतून (दाब कमी करणाऱ्या व्हॉल्व्हमधून) येत असेल तर प्लंबरला दोन्ही लाइनींना गेज लावून मोजायला लावा. बसवल्यावर परीक्षा सोपी: नळ चालू ठेवून थंडाचा कॉक बंद करा. काही सेकंदांत धार तुटली पाहिजे. नुसती गरम होत गेली तर तो व्हॉल्व्ह परत करा. जिथे हात पोचेल तिथे बसवा, टाइलमागे गाडू नका. क्षारांमुळे वर्षाला एकदा धुवावा लागतो.

तोवर कॉमन बाथरूमच्या सोलर लाइनीचा कॉक दुपारी बंद ठेवा, आणि सासूबाई व नातू यांची आंघोळ दुसऱ्या बाथरूममध्ये करा. पावसाळ्यात प्रश्न उलटा होतो: जुलैत सोलरचं पाणी नुसतं कोमट येतं, त्या पट्ट्यात जंतू खुश असतात. ‘सोलरचं आहे ना’ म्हणून त्या दिवसांत गिझर बंद ठेवून शॉवर घेऊ नये. ते गिझरमधून ६० वर जाऊ द्या. गच्चीवरच्या टाकीचा बॅकअप हीटर किती अंशांवर लावलाय, हे सोसायटीच्या कमिटीला विचारा. तिथेही ६०.

धाकट्या चिरंजीवांचं ५५ त्यांच्या घरी बरोबर आहे, फक्त ते दुसऱ्या पाण्याबद्दल बोलतायत. तिकडच्या बॉयलरचं पाणी बंद नळ्यांतून खोल्या उबदार ठेवणाऱ्या रेडिएटरमध्ये फिरतं, त्याने कुणी आंघोळ करत नाही. तिकडचा कंडेन्सिंग बॉयलर धुरातल्या वाफेचं पाणी करून तिची उष्णता परत मिळवतो, आणि त्यासाठी रेडिएटरहून परतणारं पाणी ५५ च्या खाली असावं लागतं. जाणारं पाणी ७५-८० वर ठेवलं की परतणारंही गरम येतं, वाफ धुराड्यातून निघून जाते आणि गॅस जास्त जळतो. म्हणून त्यांनी आकडा उतरवला ते शहाणपणाचं. त्यांच्या घरी आंघोळीच्या पाण्याची वेगळी साठवण टाकी असेल तर तिला मात्र ६० च ठेवायला सांगा.

राहिला ‘पाणी पुरलं पाहिजे’ हा मुद्दा. २५ लिटरच्या टाकीतून धड गरम मिळतं ते २० लिटरच्या आसपास, कारण खालून शिरलेलं थंड पाणी शेवटी मिसळतं. ६० वर त्यात दोन बादल्या होतात, ७० वर तीन. रोजच्याला दोन गिझर मिळून चार बादल्या पुष्कळ. अडचण येते ती नरक चतुर्दशीला, पाच जणांना उजाडायच्या आत उठवायचं असतं तेव्हा. त्या दिवशीही नॉब वर करू नका. दोन आंघोळी झाल्यावर गिझरला पुन्हा साठावर यायला साधारण २५ मिनिटं लागतात. तेवढ्यात पुढच्याला तेल लावून, उटणं चोळून होतं.